भेगेला दोन हात ऑइल पेंट

महादेवाच्या देवळातली मधली दगडी तुळई तडकली, तेव्हापासून मी अर्ज लिहीत होतो. आम्ही गावचे गुरव. झाडलोट, पूजा, सांजेचा दिवा हे सगळं बायको करायची आणि अर्ज मी करायचो. पुरुषानं काहीतरी जड काम घ्यायला नको का? तुळईखाली बाभळीचं खांड टेकू म्हणून ठोकलं होतं, त्याला खेटूनच ती दिवा लावायला बसायची. वरून बारीक चुरा तिच्या पदरावर पडायचा. मला लय भ्या वाटायचं. भ्या वाटलं की मी आणखी एक अर्ज लिहायचो.

शेवटी एकदाचा सरपंचांना फोन आला. जुन्या वास्तूंच्या डागडुजीचा सरकारी फंड आहे, साहेब पाहणीला येतायत. झालं, गावात लगीनघाई. पाहुणा येणार म्हटलं की आमच्याकडं पडकं घरसुद्धा सारवून ठेवतात, पोपडे दिसले तर घरच्या बाईची अब्रू जाते. तोच कायदा देवाला लावला. आणि खोटं कशाला बोलू, अक्कल माझीच. "भेग सिमेंटनं बुजवा, वरून ऑइल पेंट मारा," असं मीच म्हणालो. खांब निळे झाले, तुळई सोनेरी झाली. टेकू वंगाळ दिसायलाय म्हणून काढला आणि साहेबांच्या शिऱ्यासाठी चुलीत घातला.

बायको म्हणाली, "आवो, दुखणं दाखवायला डाक्टर बोलवायचा अन् पावडर लावून बसायचं व्हय?"

"तुला सरकारी कामातलं काय कळतंय," मी म्हणालो.

साहेब आले. शाल झाली, नारळ झाला, शिरा झाला. मग त्यांनी विचारलं, "तडा कुठं आहे?" सरपंचांनी एकीकडं बोट केलं, मी दुसरीकडं. दोन हात रंगाखाली आमची भेग आम्हालाच सापडेना. साहेब म्हणाले, "ठेवलंय मात्र छान." त्यावर माझी छाती फुगली, मेली.

महिन्यानं पत्र आलं. बांधकाम सुस्थितीत आहे, दुरुस्तीची गरज नाही, दगडावरचा रंग तेवढा काढावा. सरपंचांनी ते फ्रेम करून पंचायतीत टांगलं. मी दुसरा टेकू लावू म्हणालो तर माझ्यावरच उखडले, "साहेबानं चांगलं लिहून दिलंय अन् तुमी खांड ठोकायलाय? गावाची इज्जत हाय का न्हाई?" हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पोळ्याच्या आदल्या सांजेला सोनेरी सिमेंटची एक ढपली सुटली आणि बायकोच्या पूजेच्या ताटात पडली. तिनं ती उचलून बाजूला टाकली आणि वात पेटवली. म्हणालो, उद्यापासून दिवा पायरीवर लाव.

"देव आत बसायलाय अन् मी भाईर लावू? मग देवालाबी भाईर काढा."

दुसऱ्या दिवशी तिच्या हातातलं ताट मी ओढून घेतलं. आता दिवा मीच लावतो. जन्मभर गुरवकी केली, पण 'देवा, सांभाळ' हे मनापासून आत्ताच म्हणायला लागलो, तेही नजर वर तुळईकडं ठेवून. ती बाहेर पायरीवर बसते आणि काहीबाही विचारत राहते, भाजी काय करू, बैलाला पाणी दावलं का. मी ओ द्यायला उशीर केला, की तिचा आवाज कापतो.