टाकीवर टेकलेला तळहात

तेलाच्या टाकीजवळ येताच तपासणीला आलेल्या त्या बाई प्रथम उजवा तळहात तिच्या पत्र्यावर टेकवीत आणि क्षणभर तशाच उभ्या राहत. मग हलकेच थाप मारून विचारीत, "काय आत्या, बरी हायस का?" उत्तर मिळाल्यासारखी मान हलवूनच त्यांचे पुढचे काम सुरू होई.

लातूरजवळच्या एका तेलगिरणीच्या आवारात लहानसे देऊळ आहे. पाठशाळेतील अध्यापनातून निवृत्त झाल्यावर त्याची नित्यपूजा माझ्याकडे आली. देवळाच्या पायरीवरून तेलाच्या तिन्ही टाक्या दिसतात. सर्वांत मोठी आणि सर्वांत जुनी ती आत्या. उरलेल्या दोघी मावशी आणि काकू. ही नावे त्या बाईंनीच ठेवली होती आणि पुढे सारी गिरणी तीच वापरू लागली.

बाई मूळच्या मुखेडच्या. शिक्षणाने अभियंता. टाक्यांची प्रकृती तपासण्यासाठी दर वर्षी नांदेडहून येत. त्यांच्याजवळ तळहातावर मावेल असे एक यंत्र असे. पत्र्यावर ओलसर लेप लावायचा, यंत्राचे टोक त्यावर टेकवायचे आणि ध्वनीची लहर आत सोडायची. ती पलीकडच्या बाजूवर आपटून परत येण्यास किती वेळ लागला, त्यावरून पत्रा कोठे झिजला आहे ते कळते. मी एकदा विचारले, "भोक न पाडता आतले कसे समजते?" त्या हसून म्हणाल्या, "फोडायचं नाही गुरुजी, विचारायचं." हे त्यांचे आवडते वाक्य होते. कामगार मात्र म्हणत, "आज आत्याची सोनोग्राफी हाय."

एकदा त्यांचा लेप मधेच संपला. त्या थेट देवळाच्या पायरीशी आल्या.

"गुरुजी, पंचामृतातला मध उरलाय का?"

"देवाचा मध टाकीला लावणार?"

"आत्या काय परकी आहे? खंडेनवमीला तिची पूजा तुम्हीच करता की."

मी वाटी दिली. काम उत्तम झाले, पण दुसऱ्या दिवशी आत्याच्या अंगावर मुंग्यांची रांग चढलेली पाहून मुकादम ओरडले, "गुरुजी, आत्याला साखर झाली बगा!"

अशी माणसे तुम्हीही पाहिली असतील: ती येऊन गेली की ओसाड आवारही नांदते वाटते. परंतु ह्या बाईंचा खरा स्वभाव मला कळला तो एका दसऱ्याच्या तोंडावर.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते. आमच्या गिरणीत आत्याच्या पायथ्याशी, गुडघ्याएवढ्या उंचीवर, कामगार कित्येक वर्षे शेंदूर लावत आले होते. थरावर थर चढून तेथे सुपाएवढे कवच झाले होते. नारळही तेथेच फुटे. शेजारी सावली असल्यामुळे दुपारच्या भाकरीला सर्वजण तेथेच बसत.

त्या वर्षी टाकी रिकामी करून धुतली होती आणि नव्या सोयाबीनचे तेल दसऱ्यानंतर लगेच भरायचे होते. सारी टाकी तपासून त्या मालकांसमोर उभ्या राहिल्या.

"बाकी आत्या ठणठणीत आहे. पण शेंदराच्या खालचं मला काहीच कळत नाही. कवचातून आवाज आत जात नाही. तेवढं कळल्याशिवाय मी दाखल्यावर सही करणार नाही."

"मॅडम, तेवढीशी जागा!" मालक काकुळतीला आले. "दर वर्षी सोडतोच की."

"दर वर्षी कवच वाढतंय, मालक."

मुकादमांनी हात जोडले. "ताई, देवीचं अंग खरवडायचं? आमाला न्हाई जमणार. तुमी करू नका अन् आमाला लावू बी नका."

बाईंनी वाद घातला नाही. शेंदरापासून हातभर अंतरावर बैठक मारली आणि डबा उघडला. "मग भरा तेल. मी जेवते हितंच. मुकादम, तुमी मातर लिंबाखाली जावा. घरी लेकरं हायत तुमच्या."

मुकादम न लिंबाखाली जाऊ शकले, न तेथे बसू शकले. शेवटी म्हणाले, "गुरुजीला इचारा. ते म्हणतील तसं."

सर्वांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. त्याही उठून आल्या. प्रथमच त्यांचा स्वर हळू झालेला मी ऐकला. "गुरुजी, तुमच्या श्रद्धेला मला धक्का लावायचा नाही. पण ह्या सावलीत माणसं बसतात. भरलेली टाकी फुटली तर?"

मी म्हणालो, "मारुतीच्या अंगावर शेंदराचा भार झाला की आपणच प्रार्थना करून तो उतरवतो आणि नदीत विसर्जित करतो. आतील मूर्ती त्याने दुखावत नाही. तिला मोकळा श्वास मिळतो. तोच विधी येथे करू."

स्नान करून मी क्षमायाचना केली. कोमट तेलाने थर भिजवला आणि लाकडी उलथन्याने अलगद सोडवू लागलो. ताट धरायला मुकादम स्वतः पुढे आले. कवचाचा मोठा तुकडा सुटला, तो गंजलेल्या लोखंडाचा पापुद्रा सोबत घेऊनच. खालचा पत्रा देवी आलेल्या चेहऱ्यासारखा खड्ड्याखड्ड्यांनी भरला होता. नारळाचे पाणी वर्षानुवर्षे कवचाआड मुरले होते आणि त्याला वाळायला वाव मिळाला नव्हता.

त्यांनी लेप लावला, यंत्र टेकवले. पत्रा जेमतेम उरल्याचा आकडा पाहून त्यांनी यंत्र बाजूला ठेवले. मग तळहात तेथे ठेवून पुटपुटल्या, "आत्या, इतकं दुखत होतं तर बोलायचं न्हाई का गं?"

मुकादमांनी डोळ्यांना उपरणे लावले. मालकांनी तेल भरण्याचा बेत त्याच क्षणी पुढे ढकलला. तेवढा भाग कापून नवा पत्रा जोडला गेला आणि टाकी भरली ती त्यांची सही झाल्यावरच. शेंदरासाठी शेजारी एक पाषाण बसवला. आता नारळ तेथे फुटतो. आत्याला हार घालतात, कुंकू लावतात. मात्र नव्या पत्र्यावर तळहाताएवढी जागा मोकळी ठेवतात. कोणी नवखा तेथे बोट टेकवू लागला की मुकादम हटकतात, "तिथं न्हाई. ती ताईची जागा हाय."

पुढे त्या दूरच्या एका बंदरात, डोंगराएवढ्या टाक्यांच्या कामावर गेल्या. निरोप घेताना म्हणाल्या, "गुरुजी, तिथं मध मागायला देऊळ असेल का हो?"

यंदा त्यांच्या जागी एक तरुण अभियंता आले. त्यांचे यंत्र चुंबकाच्या चाकांवर स्वतःच टाकीवर चढते. ते यंत्र खाली ठेवून कळ दाबणार, इतक्यात मुकादम आडवे आले.

"साहेब, आदी हात लावा. ती वळखत न्हाई तुमाला."

साहेबांनी गोंधळून माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. त्यांनी संकोचाने त्या मोकळ्या जागेवर तळहात टेकवला. तेव्हा मुकादम टाकीकडे वळून मोठ्याने म्हणाले,

"आत्या, पाव्हणे आलेत. ताईनंच धाडलेत समज."