तोंड दाखवून येऊ

"चला, तोंड दाखवून येऊ."

आमचे पी.टी.चे सर हे वाक्य लग्नकार्याला निघताना म्हणत नसत. काही बिघडलं, कुणाला लागलं, कुणाचं मन दुखावलं, की म्हणत. आणि म्हणेपर्यंत पायात चप्पल सरकवलेली असे.

तुमच्याही शाळेत असे एक पी.टी.चे सर असतील. आडवा बांधा, गळ्यात शिट्टी, उन्हानं रापलेली मान, आणि आवाज असा की प्रार्थनेला माईक लागू नये. मी त्याच शाळेत मराठी शिकवत होतो आणि शुक्रवार पेठेत त्यांच्या शेजारीच राहत होतो. घर ख्रिस्ती. ते, वहिनी आणि एकुलता एक आशिष. पहाटे सर शास्त्र, म्हणजे बायबल, वाचत, तेही मैदानावरच्या आवाजात. आमच्या गल्लीत गजर लावायची कुणाला गरज पडली नाही.

राग मात्र नाकावर. मैदानात पाणी सांडलं म्हणून एकदा शिपायाला सगळ्यांदेखत बोलले. नंतर कळलं, टाकीची तोटीच गेली होती. शाळा सुटताच मला म्हणाले, "चला सर, तोंड दाखवून येऊ." शिपायाच्या दारात उभं राहून त्यांनी ज्या आवाजात झापलं होतं, त्याच आवाजात माफी मागितली. शेजारीपाजारी बाहेर आले. शिपाई हात जोडून म्हणाला, "सर, हळू बोला की! लोकांना वाटतंय तुम्ही परत भांडायला आलाय."

मी एकदा विचारलं, "सर, तुम्ही इतकं वाचता, आम्हाला कधी त्यातले चार शब्द सांगत नाही."

"सांगणं म्हणजे शिट्टी फुंकणं," ते हसले. "ते कुणालाही जमतं. पळायला मैदानात उतरावं लागतं की."

ते कसं उतरतात, हे मला नंतर बघायला मिळालं. तेव्हा हसायला काही उरलं नव्हतं.

आशिषला पोलीस भरतीत घालायचं सरांनी त्याच्या लहानपणीच ठरवलं होतं. रोज सकाळी मैदानावर बाप पुढं आणि पोरगा मागं. पोरगं घामाघूम होऊन खाली बसलं की सर म्हणायचे, "ऊठ, अजून एक चक्कर." अखेर निवड झाली. वहिनींनी गल्लीत पेढे वाटले. आता फक्त चारित्र्य पडताळणी राहिली होती.

त्याच दिवसांत पूर्व भागात एक बाई गाडीखाली सापडल्याचं कानावर आलं. वळलेल्या विड्या कारखान्यात देऊन घरी निघाली होती. मोटरसायकलवाला धडक देऊन पळाला. मी ऐकलं आणि विसरलो. इकडे आशिष भरतीच्या कामालासुद्धा रिक्षानं जायला लागला. त्याची मोटरसायकल मागच्या बोळात ताडपत्रीखाली. विचारलं तर म्हणे, इंजिनचं काम निघालंय.

रविवारी दुपारी सरांनी गाडी पुसायला म्हणून ताडपत्री काढली. पुढच्या दिव्याची काच फुटलेली. पाय ठेवायच्या दांडीत जांभळ्या लुगड्याचा फाटका तुकडा अडकलेला. त्यांनी आशिषला बाहेर बोलावलं. काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही, कारण आयुष्यात पहिल्यांदाच सर हळू बोलत होते.

थोड्या वेळानं वहिनी आमच्या दारात आल्या. चेहरा पांढराफटक. "भाऊजी, तुम्ही जा हो बरोबर. ऐकत नाहीत ते. पोराला घेऊन त्या बाईच्या घरी निघालेत. तिथं मारतील हो दोघांनाही!"

मी चप्पल घालून बाहेर आलो. आशिष भिंतीला टेकून उभा होता. "बाबा, नोकरी जाईल माझी. कुणी बघितलं नाही. कुणाला माहीत नाही."

"मला माहीत आहे," सर म्हणाले. "चल, तोंड दाखवून येऊ."

तेच वाक्य. पण या वेळी आवाज मैदानावरचा नव्हता.

उन्हात आम्ही तिघं चालत निघालो. विचारत विचारत घर सापडलं. एक खोली. कोपऱ्यात विड्या वळायचं तंबाखूचं सूप कोरडं पडलेलं. बाई भिंतीला टेकून बसली होती, डोक्याला टाके, उजवा हात बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये. यंत्रमागावर जाणारी तिची दोन धिप्पाड मुलं जेवत होती.

सरांनी हात जोडले. "मी शाळेत पी.टी.चा मास्तर. हा माझा मुलगा. तुम्हाला उडवलं ती गाडी हाच चालवत होता."

थोरल्यानं हातातला घास ताटात टाकला. शांतपणे उठला, आमच्या मागं गेला आणि दाराला आतून कडी लावली. तो आवाज मी अजून विसरलेलो नाही.

मग त्यानं आशिषची कॉलर धरली आणि खाडकन कानाखाली लगावली. आशिष भिंतीवर आपटला. मी सरांकडं बघितलं. मनात आणलं असतं तर त्या पोराला त्यांनी एका हातानं उचललं असतं. त्यांच्या मुठी वळल्याही. पण ते हात त्यांनी मागं नेले, एकात एक गुंतवले आणि कवायतीत 'विश्राम' म्हटल्यावर उभं राहतात तसे उभे राहिले. मानेची शीर तटतटलेली. पोराला दुसरी बसली, तरी ते हात सुटले नाहीत.

"वद्दुरा," बाई म्हणाली. नको रे. थोरला थांबला, पण कॉलर सोडली नाही.

तिनं आशिषला जवळ बोलावलं. बराच वेळ त्याच्याकडं बघितलं. "मी हाक मारली होती तुला," ती म्हणाली. "तू थांबला होता. मागं वळून बघितला. मग गेला."

आशिषनं खाली मान घातली.

मी सरांच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. पोरगं घाबरून पळालं, एवढंच ते धरून चालले होते. त्यानं वळून बघितलं होतं, हे त्यांना त्या खोलीत कळलं. तो उभा धिप्पाड माणूस मटकन खाली बसला.

"अम्मा," ते म्हणाले, आणि पुन्हा हात जोडले.

शेवटी तिनंच थोरल्याला दाराकडं खूण केली. कडी निघाली. आम्ही तिथून सरळ पोलिसांकडं गेलो, थोरलाही बरोबर आला. तिथल्या हवालदारानं सगळं ऐकलं आणि म्हणाला, "मास्तर, आपसात मिटत असेल तर कशाला लिहायचं? पोरगं आमच्यातच यायचंय."

"म्हणून तर लिहा," सर म्हणाले.

गुन्हा नोंदला गेला. निवड रद्द झाली. चर्चच्या मंडळीतली दोन वडीलधारी माणसं घरी आली. म्हणाली, "आपण या शहरात मूठभर. पोराचं नाव पोलिसात गेलं की बोट सगळ्यांकडं दाखवतात. घरातच ठेवायचं होतं." सरांनी त्यांना चहा दिला आणि वाद घातला नाही. वहिनी ताट वाढायच्या, पण समोर बसायच्या थांबल्या. आशिष पुण्याला निघून गेला, कुठल्याशा गोदामात लागला. फोन करायचा तो आईलाच.

प्लास्टर निघाल्यावर बाईची बोटं वळेनात. सर रबरी चेंडू घेऊन संध्याकाळी तिच्याकडं जायला लागले. "दाबा अम्मा. अजून एकदा." ती त्यांना तेलुगूत शिव्या घालायची आणि चेंडू दाबायची. पहिल्यासारखी भरभर नाही, पण ती परत विड्या वळायला लागली. तिचा थोरला सरांना दारापर्यंत सोडायला येऊ लागला. सरांच्या घरात मात्र बापलेकाचं बोलणं झालं नाही. मी एकदा म्हटलं, "सर, तुम्हीच फोन करा की." तर म्हणाले, "त्याचा राग खरा आहे. तो मी काढून कसा घेऊ?"

गेल्या हिवाळ्यात मैदानावरून परतताना छातीत कळ आली आणि सर रस्त्यातच गेले.

आशिष पुण्याहून आला. कबरस्तानात सगळं पार पडल्यावर लोक पांगले. आम्ही दोघं कठड्याजवळ उभे होतो. तो रडत नव्हता.

"काका, मी अजून त्यांना माफ केलेलं नाही," तो म्हणाला. "माझं सगळं गेलं त्या दिवशी." मग त्यानं कबरीकडं बघितलं. "पण वळून बघितल्यापासून मला झोप नव्हती. डोळे मिटले की ती हाक यायची. त्यांनी त्या घरात नेलं, त्या रात्री मी झोपलो. गालावर वळ होते, तरी झोपलो. हे बाबांना सांगायचं होतं. सांगेन, सांगेन म्हणत राहिलो."

कबरीवर माती ओढणारा माणूस एकटाच होता आणि ऊन चढत होतं. आशिष त्याच्याजवळ गेला, त्याच्या हातातलं फावडं मागून घेतलं आणि वाकून स्वतः माती ओढायला लागला.