करंगळीची जागा

खारी गावात रंभाच्या घराला आता चारी बाजूंनी इमारतींनी घेरलंय, आणि त्या इमारतींतली माणसं सुरी बनवून घ्यायला तिच्याच पडवीत येतात. सुरी बनवतो तिचा नवरा अमृत. स्टीलच्या कारखान्यात उभा जन्म भांड्यांना पॉलिश करण्यात गेला. कारखाना बंद पडला तसा एक ग्राइंडर आणि छोटी भट्टी घेऊन तो पडवीत बसला. जुन्या करवतीचं पातं कापायचं, तापवायचं, तेलात बुडवायचं, घासायचं. एवढं काय, कुणीही करील. अमृतचं नाव झालं ते मुठीमुळे. त्याच्या सुरीची मूठ ज्याची त्याच्याच हातात बसते.

त्यासाठी तो माप घेतो कणकेत. सुरी धरावी तसा घट्ट कणकेचा लांबट गोळा गिऱ्हाइकाने मुठीत आवळायचा. बोटांचे ठसे उमटतात, गोळा सावलीत वाळतो, आणि ते ठसे बघत बघत अमृत कानशीने लाकूड उतरवतो. कणीक मळते रंभा. इतक्या बायकांचे हात तिच्या कणकेत उमटून गेले, आणि ती स्वतः अजून विळीवर बसून भाजी चिरते, गुडघे बोंबलत असतानाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

हे सगळं तिने चालवून घेतलं होतं. पण सुचेता आली आणि रंभाचा तोल सुटला.

सुचेता जवळच्या पूनम सागर कॉम्प्लेक्समध्ये राहते, घरून जेवणाचे डबे पुरवते. बोलायला गोड, हसायला त्याहून गोड. आल्या आल्या 'अमृतदादा, अमृतदादा' सुरू झालं. अमृतने चष्मा पुसला, तिचा हात उलटापालटा करून पाहिला, एकेक बोट धरून कणकेवर नीट ठेवलं. उगाच आडून आडून कशाला सांगायचं, रंभाला मत्सर वाटला. या माणसाने तिचा हात धरला होता एकदा लग्नात, भटजींनी सांगितलं म्हणून, आणि एकदा हायवे ओलांडताना. तेही ट्रक आला म्हणून.

बरं, माप झालं तर निरोप द्यावा की नाही? अमृत सुचेताला रिक्षापर्यंत सोडायला गेला. सख्ख्या मेहुण्याला जो बसल्या जागेवरून 'या' म्हणतो, तो चप्पल घालून निघाला.

दोघं वळणाआड गेली तशी रंभाने फळीवरचा गोळा उचलला. फेकून देणार होती. त्याऐवजी तिने तो असा काही आवळला की सुचेताची नाजूक बोटं पार बुजून गेली. मूठ उघडली तर गोळ्यावर रंभाचाच हात. करंगळीच्या जागी मात्र नुसतं सपाट. केतन पोटात होता तेव्हा भात कापताना तिच्या करंगळीला विळा लागला होता, तेव्हापासून ती दुमडत नाही. तो केतन आता बापाएवढा झालाय. रंभा घाबरली आणि गोळा होता तिथे ठेवून आत गेली. अमृतने परत येऊन तो तसाच वाळत ठेवला.

मूठ घडवायला बसला तेव्हा मात्र त्याने गोळा चांगला निरखला आणि भांडी विसळणाऱ्या रंभाला हाक मारून दाखवला.

"काय हात हाय या बाईचा," तो म्हणाला. "कामाचा हात हाय. पन करंगली दाबत न्हाय बिचारीची. दुखत असंल."

कौतुक रंभाच्या हाताचं आणि पत्ता पूनम सागरचा. स्वतःच्याच हाताचा मत्सर करायची वेळ देवाने कुणा बाईवर आणू नये, ती रंभावर आणली. तिला वाटलं, सांगून टाकावं. पण तिला सांगायचं नव्हतं, त्याने ओळखायला हवं होतं. इतकी वर्षं या हाताने वाढलेलं जेवतोय, एवढं तर ओळखेल. अमृतने काही ओळखलं नाही. करंगळी न दुमडता टेकता यावी म्हणून त्याने मुठीला एक खळगा काढला आणि आख्खी दुपार तो पॉलिश पेपरने घासून मऊ केला.

सुचेता सुरी न्यायला आली. तिने ती हातात घेतली, फिरवली, पुन्हा फिरवली.

"अमृतदादा, सुंदरच आहे, पण हातात बसत नाहीये. आणि करंगळीला हा खड्डा कशाला?"

करंगळी दुमडत नाही म्हणून, असं अमृतने सांगितलं. सुचेताने पाचही बोटं मिटून दाखवली. अमृत ओशाळला. मापात तो आजवर चुकला नव्हता. तेवढ्यात रंभाने चहाचा कप पुढे केला. चार बोटं कपाला धरून, आणि करंगळी सरळ बाहेर. अमृतची नजर त्या करंगळीवर गेली ती तिथेच खिळली. सुचेता हुशार बाई, तिलाही कळलं. हसून म्हणाली, मग ही सुरी वहिनींनाच ठेवा, मला दुसरी करा. म्हणजे नवऱ्याने केलेली सुरीही आता सुचेतानेच द्यायची. रंभाने ती घेतली नाही.

संध्याकाळी ती विळीवर कांदा चिरत होती. अमृत परात घेऊन समोर येऊन बसला. कणीक त्याने स्वतः मळली होती, कोपरापर्यंत पीठ.

"सुरी हाय ना ती," रंभा म्हणाली.

"ती तुजी म्हनून न्हवती केली."

एवढं बोलून त्याने चष्मा पुसला आणि तिचा हात घेतला. गिऱ्हाइकाचा बघतो तसाच उलटापालटा करून पाहिला. करंगळीपाशी येऊन थांबला.

"दुखतं?"

"आता न्हाय," रंभा म्हणाली. मग परातीकडे बघून म्हणाली, "पानी जास्त झालंय. पीठ घाल आजून."

पण हात तिने काढून घेतला नाही.