नंदूभाऊंची बोटं

दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये नंदकिशोर बावीस वर्षं ग्रेडर होते, आणि या बावीस वर्षांत चिठ्ठीवर एकदा लिहिलेली कापसाची प्रत त्यांनी कधी खोडली नव्हती. गाडीतल्या कापसात कोपरापर्यंत हात खुपसायचा, तळातून चिमूटभर कापूस काढायचा, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढायचा, की झालं. धागा किती लांब, किडक्या कापसाची कवडी किती, ओल किती, हे बोटांना कळायचं आणि बोटंच ते चिठ्ठीवर लिहायची. मधे नंदूभाऊंचा संबंध फारसा यायचा नाही. मालकांनी एकदा ओल मोजायचं यंत्र आणलं होतं. ते बरोबर चालतं की नाही हे नंदूभाऊंच्या बोटांवरून तपासलं गेलं, आणि पुढे त्या यंत्रावर हमाल आपले जेवणाचे डबे ठेवायला लागले.

घराणं नोकरदारांचं. वडील तहसिलीत कारकून, थोरला भाऊ मास्तर. त्यामुळे अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि तोंडात उपदेश. शेतकरी घनश्याम गाडी घेऊन आला की नंदूभाऊ कापूस ओढता ओढता सुरू व्हायचे, "घनश्याम, पऱ्हाटीला लागतं तेवढंच खत द्यावं. युरिया जास्त झाला की नुसता पाला माजतो, बोंड धरत नाही. अति तिथं माती." घनश्याम मान हलवायचा. चिठ्ठी हातात पडेपर्यंत सगळेच मान हलवायचे.

ही गोष्ट दोन हजार चार-पाचची. दिवस वाईट होते. यवतमाळ जिल्ह्याचं नाव रोज पेपरात यायचं, आणि ते वाचून बाहेरगावची भली माणसं जीप भरभरून शिबिरं घ्यायला यायची. कुणी भाषण द्यायचं, कुणी श्वास कसा घ्यावा ते शिकवायचं. एक मंडळी गोळ्या घेऊन आली. अशक्तपणा, उदासी, नसांची कमजोरी, सगळ्यावर एकच व्हिटॅमिनची गोळी. शिबिर जिनिंगच्या आवारातच झालं. घनश्यामनं आपलं पाकीट उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "डाक्टरसाहेब, हे फवाराचं का मुळाशी टाकाचं?" डॉक्टर हसले. घनश्याम हसला नाही, कारण त्यानं खरंच विचारलं होतं. पुढे त्यानं आपल्या वाटच्या गोळ्या कुटल्या, पंपात विरघळवल्या आणि पऱ्हाटीच्या तीन तासांवर, म्हणजे कपाशीच्या तीन ओळींवर, फवारून मोकळा झाला.

उरलेली दोन खोकी नंदूभाऊंनी घरी आणली. टाकून देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

सकाळी एक, जेवणानंतर एक, असं सुरू झालं. नंदूभाऊंना ताजंतवानं वाटलं. मग वाटलं, एवढ्यानं एवढं, तर दुपटीनं किती! मेडिकलवाल्या पियूषनं नसांच्या ताकदीची वेगळी गोळी दिली, तीही जोडीला आली. हिवाळ्यात कापसानं बोटांना भेगा पडत, म्हणून ते व्हिटॅमिन ई ची कॅप्सूल टाचणीनं फोडून आतलं तेल बोटांना चोळू लागले. बोटं लालभडक झाली. नंदूभाऊ म्हणाले, रक्त फिरायला लागलं.

"अहो, पण तुम्हाला झालंय तरी काय?" शुभदाताईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, विचारलं.

"काही नाही."

"मग कशाला घेता?"

"म्हणून तर काही नाही."

यावर शुभदाताईंनी भाजी चिरायला घेतली. बावीस वर्षं ज्याची प्रत कुणी खोडली नाही, त्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

पुढच्या उन्हाळ्यात पायांना मुंग्या येऊ लागल्या. एकदा ते घरून निघाले आणि बसस्टँडवर पोचले, तेव्हा पानवाल्यानं सांगितलं की भाऊ, एकच चप्पल आहे. दुसरी केव्हा सुटली, ते त्यांना कळलंच नव्हतं. पियूष म्हणाला, मुंग्या म्हणजे व्हिटॅमिनची कमी, डोस वाढवा. नंदूभाऊंनी वाढवला. पावसाळा सरता सरता मुंग्या बोटांत आल्या. त्यांनी आणखी वाढवला.

दिवाळीनंतर गाड्या लागल्या. पहिल्याच गाडीत नंदूभाऊंनी हात खुपसला, चिमूट काढली, ओढली, आणि बोटांनी काहीच सांगितलं नाही. हातमोजे घालून ओढावं तसं वाटलं. त्या दिवशी नंदूभाऊ घाबरले, बापाच्या मरणातही घाबरले नव्हते तेवढे. बोटं गेली तर इस्त्रीच्या शर्टात उरतं कोण? त्यांनी कुणाला सांगितलं नाही. डोळ्यांनी बघून, माणसाचा चेहरा बघून, "कधी वेचला?" असं विचारून ते चिठ्ठ्या लिहू लागले. जन्मात कधी त्यांनी कुणाला असं विचारलं नव्हतं. आठ दिवस निभावलं.

नवव्या दिवशी शकुबाईची गाडी आली. साठीची बाई, पाच एकर एकटीनं कसणारी, बोलायला कमी. आदल्या रात्री आभाळ आलं होतं, तेव्हा कापूस ओला असणार, असा हिशेब करून नंदूभाऊंनी चिठ्ठीवर लिहिलं: दुसरी प्रत, ओल.

शकुबाईनं चिठ्ठी दुसऱ्याकडून वाचून घेतली. भांडली नाही. गाडीतून एका बोंडाएवढा कापूस काढला, त्यातली सरकी सोडवून दाताखाली धरली. कट्ट. दुसरी सरकी तिनं नंदूभाऊंपुढे धरली.

"भाऊ, तुमी चावून पाहा."

मागे चाळीस गाड्यांची रांग. नंदूभाऊंनी सरकी तोंडात टाकली. कट्ट. ओली सरकी अशी वाजत नाही, ती दाताखाली दबते. हे दिग्रसमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

त्यांना लाज वाटली, आणि बायकोसमोरही जे बोलले नव्हते ते रांगेसमोर बोलून गेले. "बाई, कापूस कोरडा आहे. माझ्या बोटांना काही समजत नाही." मग त्यांनी चिठ्ठी खोडली. बावीस वर्षांतली पहिली.

"काहून? हाताले काय झालं?" शकुबाईनं विचारलं.

"काय माहीत. ताकदीच्या गोळ्या तर चालूच आहेत."

हे कानावर येताच शुभदाताईंनी त्यांना यवतमाळला नेलं; तिथले नसांचे डॉक्टर दारव्ह्याकडच्या शेतकऱ्याच्या घरातले होते. शुभदाताईंनी पिशवीतली सगळी पाकिटं टेबलावर मांडली. डॉक्टरांनी एकेक उलटं करून बेरीज केली. "व्हिटॅमिन बी-सहा. माणसाला दिवसाला दोन मिलिग्रॅम भरपूर होतं. तुम्ही वर्षभर चारशेच्या वर घेताय. त्यानं नसा बधिर होतात. आणि बोटांवर हे चट्टे कसले?"

"ते वरून लावायचं. कॅप्सूल फोडून."

"म्हणजे मुळाशी खत आणि वरून फवारा. भाऊ, पऱ्हाटीला असं केलं असतं का?"

हे भाषण नंदूभाऊंचं स्वतःचं होतं.

"सगळं बंद," डॉक्टर म्हणाले.

"त्याऐवजी काय घेऊ?"

"काही नाही."

"काही नाही, ते दिवसातून किती वेळा?" नंदूभाऊंनी विचारलं. शुभदाताईंनी पिशवी उचलली आणि नवऱ्यालाही.

मालकांनी त्यांना काट्यावर, वजनाच्या चिठ्ठ्यांना बसवलं. यंत्रावरचे डबे उतरले. घनश्याम भेटायला आला, त्याला नंदूभाऊंनी विचारलं, त्या तीन तासांचं काय झालं?

"काईच नाई झालं भाऊ. जशी होती तशीच. पऱ्हाटीनं घेतलंच नाई."

"शहाणी आहे," नंदूभाऊ म्हणाले.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, नसा हळूहळू येतील, सगळ्या येतील असं नाही. आधी पाय आले. बोटं काही येईनात. वर्ष गेलं, पुन्हा गाड्या लागल्या. काट्यावर शकुबाईची गाडी चढली. वजन झालं तरी ती हलेना. पदराची गाठ सोडून तिनं चिमूटभर कापूस काढला आणि नंदूभाऊंपुढे धरला.

"बाई, प्रत तिकडं यंत्रावर बघतात आता."

"मले माहीत हाय. तुमी पाहा."

नंदूभाऊंनी चिमटीत धरला, डोळे मिटले, ओढला. पहिल्या बोटाला काही नाही. मधल्याला काही नाही. अंगठ्याला मात्र कुठंतरी खोल, जरासं गार लागलं. त्यांनी पुन्हा ओढला. पुन्हा गार लागलं.

"बाई," ते डोळे न उघडताच म्हणाले, "ओल आहे याच्यात."

"आहेच. सकाळी म्याच पाणी शिपडलं त्याच्यावर," शकुबाई म्हणाली. "येऊन राह्यलं भाऊ तुमाले."

कापूस ओला निघाला म्हणून खूश होऊन घरी गेलेली बाई दिग्रसच्या जिनिंगनं ती एकच पाहिली.