लिनसाहेबांचा एकच प्रश्न

परदेशात किस्से फार साठतात. ऐकवायला कुणी नसतं, म्हणून ते खर्चच होत नाहीत. तेलाच्या पैशाने सौदीत तबूककडे रस्ते होत होते तेव्हाचे हे. कंपनी तैवानची, मी राजापूरचा फिटर आणि माझे साहेब मिस्टर लिन.

पहिल्याच दिवशी साहेबांनी वाकून, दोन्ही हातांनी मला आपलं व्हिजिटिंग कार्ड दिलं. फिटरला कार्ड! मी ते ग्रीसच्या हाताने घेतलं, मागच्या खिशात कोंबलं आणि स्टुलावर बसलो. साहेबांचा चेहरा असा झाला, जसा काही मी त्यांच्यावरच बसलो. ऑफिसातला केरळचा क्लार्क थॉमस तैवानी लोकांमध्ये मुरलेला. त्याने मला झापलं. कार्ड दोन्ही हातांनी घ्यायचं, वाचायचं, मग जपून ठेवायचं.

साहेबांनी आमच्याकडून हिंदीचा एकच शब्द उचलला होता. भेटले की विचारायचे, "खाया?" मी प्रामाणिकपणे सांगायचो, नाही, आज मेसची डाळ करपली. थॉमस हसून लोळला. म्हणाला, अरे, हा त्यांचा नमस्कार आहे, नुसतं 'खाया' म्हणायचं. पण सहा महिन्यांत मला हे विचारणारे साहेब एकटेच होते. मी डाळीचं सांगत राहिलो.

एकदा मी त्यांना चहा विचारला. नको म्हणाले. मी दोन्ही कप पिऊन टाकले. थॉमसने पुन्हा कपाळाला हात लावला. दोनदा नको म्हणणं ही त्यांची रीत, तिसऱ्यांदा विचारायचं असतं! तेव्हापासून आमच्या वर्कशॉपमध्ये चहाला पाऊण तास लागायला लागला.

आईने गावच्या माणसाबरोबर आंबापोळी पाठवली. मी अर्धी डब्यात घालून साहेबांना दिली. त्यांनी डबा न उघडता ड्रॉवरमध्ये टाकला. मला फार लागलं. थॉमस म्हणाला, देणाऱ्यासमोर उघडत नाहीत. चार दिवसांनी डबा घासूनपुसून परत आला, आत सुकवलेले आंबट प्लम. मी तो दोन्ही हातांनी घेतला.

मग वडील गेल्याची तार आली, पाच दिवस उशिरा. पासपोर्ट कफीलकडे, म्हणजे तिथल्या अरब जामीनदाराकडे, कागद व्हायला पंधरा दिवस. जाऊन उपयोग नव्हता. तिसऱ्या दिवशी शुक्रवारची सुट्टी होती. कॅम्पातले सगळे येऊन, माझ्या खांद्यावर हात ठेवून बाजारात गेले. मी खाटेवर बसून होतो. इतकं एकटं मला तिथे कधीच वाटलं नव्हतं.

दुपारी लिनसाहेब आले. हातात झाकलेला डबा. दारातच थांबून म्हणाले, "खाया?"

त्या दिवशी मला डाळीचं काही सांगायचं नव्हतं. थॉमसने शिकवलं होतं तसंच मी म्हटलं, "खाया."

ते आत आले, समोरच्या खाटेवर बसले. डबा मांडीवर ठेवला. मग पुन्हा, "खाया?"

"खाया, साहेब."

कूलर घरघरत होता. साहेबांनी डब्याचं झाकण काढलं, डबा दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला, आणि तिसऱ्यांदा विचारलं.

"नहीं," मी म्हटलं. "तीन दिन से नहीं."