मोहाच्या ढोलीतली माशी
कूलरच्या टाकीतल्या सडक्या पाण्याचा वास आला की मोहर्ली गावाकडचं एक मोहाचं झाड आठवतं. त्याच्या ढोलीतल्या काळ्या पाण्यावर मधमाशीसारख्या पट्ट्यांची, पण दोनच पंखांची, न डसणारी माशी हवेत जागच्या जागी थांबून राहायची. मी किड्यांचा अभ्यास करायचो; जात ओळखायला त्या पाण्यातल्या तिच्या शेपटीवाल्या अळ्या नेऊन वाढवून पाहायच्या होत्या. गावात मोहाची झाडं घरोघर वाटलेली, हे एका म्हाताऱ्या बाईचं. माझ्या हातातली कुऱ्हाड पाहून ती म्हणाली, "माशीसाठी माहा मोह काऊन फोडता, भाऊ?" "झाडाले काई होत नाई, बाई," म्हणत मी ढोली फोडली. अळ्या बाटलीतच मेल्या. पुढच्या वर्षी झाड फोडल्या जागीच मोडलं. वाऱ्यानं पडलं, असं मीच तिला सांगितलं. "तुमी तरी काय करान," म्हणून तिनं मला पाणी दिलं. मी ते प्यालो. माशीची जात अजून ठाऊक नाही, आणि खरं सांगायला मी कधी गेलो नाही.