करंटवहिनींचा दुतोंडी आवाज

सगळ्या जगात दुसऱ्याच्या घरी जाताना चपला बाहेर काढतात. करंटवहिनींच्या घरी त्या घालाव्या लागत. दाराशी रबरी चपलांचे जोड मांडलेले असायचे, आणि त्यातला एक पायात सरकवल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, असा दंडक होता. कारण घरातली कुठली वस्तू कधी झटका देईल याचा नेम नव्हता. इस्त्री द्यायची, टेबलफॅन द्यायचा, आणि काही दिवस तर मोरीतला नळसुद्धा देत होता. लग्न होऊन मी सांगलीहून भिलाईजवळच्या चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत आले, ती पहिल्याच आठवड्यात साखर मागायला त्यांच्याकडे अनवाणी गेले आणि दाराच्या कडीला हात लावून किंचाळले. वहिनी आतून धावत आल्या. मला नखशिखान्त न्याहाळून म्हणाल्या, "जिवंत आहेस ना? मंग ये, चाय पी."

त्यांचं खरं नाव कमल. 'करंट' हे कॉलनीनं दिलेलं नाव, पण त्याचं श्रेय त्या सासूबाईंना देत. "आमच्या सासूबाईले सारं आधीच समजलं होतं," त्या हसत हसत सांगायच्या. "मले पाह्यल्या पाह्यल्याच म्हनल्या, करंटी आहे पोरगी. तवा तर मी एक वायरबी जोडली नव्हती!" सासूबाई शेजारीच जपमाळ ओढत बसलेल्या असत. "तवाबी करंटी होती, आताबी करंटी आहे," एवढं बोलून त्या पुन्हा माळेकडे वळत.

वहिनींच्या वडिलांचं वर्ध्याला रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. लहानपणी त्या दुकानातल्या बाकावर बसून त्या ही विद्या शिकल्या. "अर्धी शिकली अन् लगन झालं," असं त्या म्हणत, आणि ते अगदी खरं होतं, कारण त्यांच्या हातून वस्तू अर्धीच दुरुस्त व्हायची. कॉलनीतल्या तिवारीणबाईंचा बंद पडलेला पंखा त्यांनी सुरू करून दिला, पण तो उलटा फिरू लागला. तिवारीणबाईंनी तक्रार केली तेव्हा वहिनी म्हणाल्या, "शेगडीजवळ ठेव ना त्याले. धूर ओढून घेईन." तिवारीणबाईंनी ठेवला. तो खरंच धूर ओढायचा.

त्यांचे यजमान मालगाडीचे गार्ड. आम्ही त्यांना गार्डभाऊजी म्हणायचो. अत्यंत अबोल माणूस. बायको टेबलावर काहीतरी जाळते आहे असं दिसलं की ते उठून शांतपणे मेन स्विच बंद करत आणि पुन्हा पेपर वाचायला बसत. यापलीकडे त्यांनी वहिनींच्या उद्योगांत कधी ढवळाढवळ केल्याचं मी पाहिलं नाही.

वहिनींचं खरं प्रेम मात्र होतं गिटारवर. मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून लोखंडाचा गुळगुळीत तुकडा सरकवत वाजवायची हवाईयन गिटार त्यांना वडिलांनी लग्नात दिली होती. रोज दुपारी त्या वाजवायला बसत आणि रोज हरत. भिलाईच्या पोलाद कारखान्याचा तेव्हा विस्तार चालला होता. त्याच्यासाठी कोळसा, दगड आणि यंत्रं घेऊन येणाऱ्या मालगाड्या आमच्या खिडकीसमोरच्या यार्डात दिवसभर तोडल्या-जोडल्या जात. वहिनींनी एक हळुवार सूर लावावा आणि समोर डब्यावर डबा आदळावा, धडाम! "गाड्या जोडून राहिले का पहाड फोडून राहिले!" त्या खिडकीतून ओरडत.

कारखान्याच्या कामावर रशियन इंजिनिअर आलेले होते. दुर्गच्या बाजारात वांग्यांच्या भावावरून अडलेल्या त्यांच्यातल्या एका बाईला त्यांनी मदत केली आणि त्या बाईनं त्यांना घरी नेलं. दोघींना एकमेकींचं अक्षरही कळत नव्हतं. वहिनी वऱ्हाडी बोलायच्या, ती रशियन बोलायची, आणि दोघी दोन-दोन तास गप्पा मारायच्या. त्या घरात दोन पेट्यांचा ग्रामोफोन होता. दोन पेट्यांच्या मधोमध बसून वहिनींनी तो ऐकला आणि परत आल्या त्या झपाटल्यासारख्या. मला म्हणाल्या, "सुमन, आवाज इकडून येते, तिकडून येते, अन् डोक्याच्या मधात येऊन बसते! देवानं कान दोन देले, मंग आपली गिटार एकाच तोंडानं कावून बोलते?"

झालं. गिटारचा आवाज मोठा करणारं आणि तोही दोन तोंडांनी बाहेर काढणारं यंत्र बनवायचं ठरलं. मालाचा मात्र पत्ता नव्हता. रशियन बाई मायदेशी परत निघाली तेव्हा तिचा मेलेला रेडिओ वहिनींना देऊन गेली. भंगारवाल्याकडून जुन्या टेलिफोनचे दोन रिसीव्हर आले. त्यातली लोहचुंबकं काढून वहिनींनी त्यांवर केसाएवढी बारीक तार गुंडाळली आणि ती गिटारच्या तारांखाली बसवली, एक जाड तारांखाली आणि एक बारीक तारांखाली. जाड तारा डाव्या पेटीतून वाजणार, बारीक उजव्या. कारखान्याची यंत्रं ज्या खोक्यांतून यायची त्यांच्या फळ्यांच्या पेट्या झाल्या. त्यांवरची रशियन अक्षरं उलटी आली, पण सरळ असती तरी आम्हाला कुठे वाचता येणार होती? व्हॉल्व, तारा असा बाकीचा संसार वनस्पती तुपाच्या डब्यावर उभा राहिला. शेगडीवर एका बाजूला वरण शिजायचं, दुसऱ्या बाजूला निखाऱ्यात तारा सांधायची झाळणी तापायची. वरणाला कित्येक दिवस सांध्यांना लावायच्या राळेचा वास येत होता.

रशियन रेडिओच्या सामानावर डावी पेटी बोलू लागली. उजवीसाठी सामान नव्हतं. नेमका त्याच वेळी माझा रेडिओ खरखरायला लागला.

तो रेडिओ मला माहेरून मिळालेला. परक्या मुलखात तेवढंच एक ओळखीचं माणूस होतं म्हणा ना. आमच्या यांनी तो मला न विचारता वहिनींना दुरुस्तीला नेऊन दिला. मी संध्याकाळी धावत गेले, तर वहिनींच्या खाटेवर त्याचं रिकामं खोकं पडलेलं.

"खरखर गेली त्याची," वहिनी म्हणाल्या.

"आणि रेडिओ?"

"तोबी गेला." मग माझं तोंड बघून घाईघाईनं म्हणाल्या, "गनपतीपर्यंत दे ना बाई! उजव्या कानाचा सवाल आहे. मंग सारं जसंच्या तसं बसवून देतो."

मी घरी आले आणि रडले. नंतर बोलणंच टाकलं. त्या भिंतीपलीकडून हाका मारायच्या, वाटीभर भाजी पाठवायच्या. मी वाटी धुऊन रिकामी परत पाठवायची. रिकामी वाटी परत पाठवणं म्हणजे काय, ते बायकांना सांगायला नको.

गणपतीत कॉलनीच्या मांडवात वहिनींचा कार्यक्रम ठरला. मी जाणार नव्हते, पण न जाऊन कुणाला दाखवणार? सगळी कॉलनी तिथेच. स्टेजच्या दोन टोकांना दोन पेट्या, मध्ये मांडी घालून वहिनी, आणि पुढ्यात तुपाच्या डब्यावर तांबूस उजळलेले काचेचे व्हॉल्व. वहिनींनी पहिला सूर लावला आणि खरंच सांगते, अंगावर काटा आला. समोर यार्डात डबे आदळले, पण त्यांच्यावरून तो सूर लांबवर निघून गेला.

पण वहिनींचं समाधान होईना. त्या थांबल्या. "असं नाई! मधात बसल्याबिगर मजा नाई येत!" मांडवाच्या बरोबर मध्ये एक खुर्ची मांडली गेली. तिच्यावर एका वेळी एकच माणूस बसणार आणि प्रत्येकाला पाळी मिळणार. शिस्तीची जबाबदारी गार्डभाऊजींवर. ते खुर्चीशेजारी झेंड्या घेऊन उभे राहिले. हिरवी दाखवली की बसायचं, लाल दाखवली की उठायचं. आधी यार्डमास्तर बसले, मग तिवारीणबाई, मग पुजारी. सगळी कॉलनी रांगेत, आणि वहिनी एकाच भजनाच्या त्याच दोन ओळी पुन्हा पुन्हा वाजवताहेत.

सासूबाई खुर्चीत बसल्या तेव्हा उजव्या पेटीत काहीतरी खाकरलं. मग एक पुरुषी आवाज स्पष्ट बोलू लागला, "किसान भाई मन, धान मा कीरा लगे हे त..." धानावरच्या किडीची माहिती देणारा तो रायपूर रेडिओचा शेतीचा कार्यक्रम होता! मागे उभे असलेले छत्तीसगडी हमाल टाळ्या वाजवू लागले. एक जण तर ओरडला, "चुप रहव जी, सुनन देव!" वहिनींचा हात क्षणभर थबकला. आता त्या उठून निघून जाणार असं मला वाटलं. पण त्यांनी मान ताठ केली आणि डाव्या पेटीतून भजन चालूच ठेवलं.

भाऊजींनी लाल झेंडी दाखवली. सासूबाई उठेनात. भाऊजींनी ती आणखी जोरात हलवली.

"हट! मी नाई उठत," सासूबाई गरजल्या. "एका कानात देव, एका कानात किडे! माह्या सुनेबिगर कोनाले जमते का हे? करंटी आहे माही सून, करंटी!" आणि त्यांनी सगळ्या मांडवाकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू पदवीच वाचून दाखवली.

वहिनींनी वाजवता वाजवता मला गर्दीत हेरलं. "सुमन, तुह्याच रेडिओचं सामान आहे ते," त्या स्टेजवरून ओरडल्या. "सवय नाई जात बाई त्याची!"

मी इतकी हसले की शेजारणीला धरावं लागलं. दुसऱ्या दिवशी मी त्यांची वाटी बेसनाच्या वड्यांनी भरून परत पाठवली.

पुढच्या उन्हाळ्यात भाऊजींची गोंदियाला बदली झाली. सामानाची बांधाबांध चाललेली असताना वहिनींनी तुपाचा डबा उघडला आणि माझं सामान सुटं करून रेडिओ पुन्हा जुळवून दिला. मी नको नको म्हणत होते. रेडिओ छान बोलू लागला, फक्त आवाज वाढवायचं बटण आता उलटं फिरत होतं. "अन् तुमची उजवी पेटी?" मी विचारलं. "गोंदियात कोनाचा तरी रेडिओ खरखरत असनच ना," वहिनी म्हणाल्या.

निघताना स्टेशनवर त्यांनी माझ्या हातात एक जड पुरचुंडी ठेवली. आत झाळणी होती. "भिऊ नको. चुकलं तर धूर निघते. धूर निघाला की समजते, कुठं चुकलं ते." मला रडू येत होतं, आणि त्या मात्र हमालाशी भांडत होत्या, कारण त्यानं डावी पेटी उलटी ठेवली होती.

त्या गेल्या त्याच आठवड्यात तिवारीणबाई बंद इस्त्री घेऊन माझ्या दारात उभ्या राहिल्या. मी म्हटलं, मला यातलं काही येत नाही. त्या म्हणाल्या, वहिनींना तरी कुठे येत होतं? मग मी इस्त्री उघडली. आत एक तार सुटलेली दिसली. ती कुठे जोडायची ते कळेना, म्हणून जिथे जागा दिसली तिथे जोडली. तिवारीणबाई दारापर्यंत मागे सरकल्या. इस्त्री तापली. ती का तापली, हे मला आजतागायत माहीत नाही.